दीड वर्षाच्या मुलासह अलप्पुळा येथील हाऊसबोटीत रात्रीचा मुक्काम करावा का?

मुक्तवाट (प्रश्न)

नमस्कार. डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आम्ही केरळला जाणार आहोत. सोबत साडेपाच वर्षांची मुलगी, दीड वर्षाचा मुलगा आणि माझ्या सासूबाई असतील. अलप्पुळा किंवा कुमरकोम येथून केट्टुवल्लममध्ये, म्हणजे पूर्वी कुट्टनाड या तेथील भातशेतीच्या सखल प्रदेशातील भात वाहून नेणाऱ्या आणि आता पर्यटकांसाठी सजवलेल्या लाकडी नावेत, एक रात्र राहावे अशी घरातील सर्वांची इच्छा आहे. संकेतस्थळांवरील छायाचित्रांत शयनकक्ष, वातानुकूलन यंत्र आणि फुलांनी सजवलेले जेवणाचे टेबल हे सर्व दिसते. परंतु बैठकीच्या कडेचा कठडा किती उंच आहे आणि त्याच्या दांड्यांमध्ये किती फट आहे, हे एकाही छायाचित्रावरून कळत नाही. मुलगा नुकताच धावू लागला आहे आणि हाताला येईल त्या वस्तूवर चढतो. अशा वयाच्या मुलाला घेऊन तेथे रात्र काढणे शहाणपणाचे आहे का, की दिवसाची छोटी फेरी पुरेशी आहे? ज्यांनी मुलांसह असा प्रवास केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

खाडीकाठ

माझे मत स्पष्ट आहे: मुलगी साडेपाच वर्षांची आहे म्हणून हरकत नाही, पण दीड वर्षाच्या मुलासाठी रात्रीचा मुक्काम टाळावा. कारण समजण्यासाठी त्या नावेची रचना आणि तिचे वेळापत्रक ही दोन्ही पाहावी लागतात.

केट्टुवल्लम मुळात मालवाहू नाव आहे. आंजिली या झाडाच्या लाकडाच्या फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवून तिचा सांगाडा करतात, त्याला काजूच्या टरफलांचे तेल लावतात आणि वर बांबू व चटयांचे छप्पर घालतात. भाताच्या पोत्यांना कठड्याची गरज नव्हती. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून या नावांचे पर्यटनासाठी रूपांतर होऊ लागले, तेव्हा पुढचा भाग मोकळा ठेवून तेथे बैठक केली गेली, कारण पर्यटकाला बसल्या जागेवरून पाणी दिसायला हवे असते. त्यामुळे अनेक नावांवर कठडा मोठ्या माणसाच्या गुडघ्यापर्यंत किंवा फार तर मांडीपर्यंत येतो आणि त्याला लागूनच बसण्याचा बाक असतो. दीड वर्षाच्या मुलासाठी तो बाक म्हणजे कठड्यावर चढण्याची पायरीच आहे.

आता वेळापत्रक. मुक्कामाच्या फेरीत साधारणपणे दुपारी बाराच्या सुमारास नावेवर घेतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास उतरवतात. संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास नाव काठाला बांधली जाते, कारण रात्री मासेमारीची जाळी टाकलेली असतात आणि हाऊसबोटींना फिरण्यास मनाई असते. म्हणजे या एकवीस तासांपैकी प्रत्यक्ष जलप्रवास पाच-सहा तासांचा असतो आणि बाकीचा वेळ आपण काठाला बांधलेल्या नावेत असतो. मोठ्यांना ती संध्याकाळ आवडते, पण चालणाऱ्या मुलासाठी तोच काळ सर्वांत कठीण असतो: अंधार, चारी बाजूंना पाणी, नाव आणि काठ यांच्यामध्ये टाकलेली एक अरुंद फळी, आणि दिवसभराच्या देखरेखीने थकलेले आईवडील.

त्याऐवजी सकाळी लवकर शिकारा घ्यावा. शिकारा म्हणजे छप्पर असलेली लहान, उघडी नाव. ती दोन-तीन तासांसाठी मिळते आणि ज्या अरुंद कालव्यांत मोठे केट्टुवल्लम शिरूच शकत नाही, तेथे ती सहज जाते. मुलांना पाहण्यासारखे जे असते ते त्या कालव्यांतच असते. बदकांचे मोठे थवे, खंड्या पक्षी, दारासमोरच्या पायऱ्यांवर भांडी घासणारी माणसे आणि पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असलेली भातशेती हे सर्व तेथे हाताच्या अंतरावर दिसते. वेंबनाड सरोवराच्या मोकळ्या पाण्यावर मात्र पहिल्या अर्ध्या तासानंतर लहान मुले कंटाळतात, हे मी अनेक कुटुंबांच्या बाबतीत पाहिले आहे.

सांजपाखरू

खाडीकाठ यांच्या धोक्याच्या वर्णनाशी मी सहमत आहे, निष्कर्षाशी नाही. शिकाऱ्यात स्वच्छतागृह नसते, मुलाला झोपवायला जागा नसते आणि दूध कोमट करण्याची सोय नसते. शिवाय त्याची कड पाण्यापासून वीतभरच वर असते, त्यामुळे मुलाला पूर्ण वेळ मांडीवर धरून बसावे लागते. हाऊसबोटीत निदान दार बंद करता येणारी खोली तरी असते. दीड वर्षाच्या मुलाची दुपारची झोप ज्या घरात महत्त्वाची मानली जाते, त्या घरासाठी ही सोय लहान नाही.

प्रश्न नाव निवडण्याचा आहे. एकमजली नाव घ्यावी. दुमजली नावेत जिना असतो, वरच्या मजल्यावरून पडण्याची उंची वाढते आणि वाऱ्याचा जोरही अधिक लागतो. खोल्या एक किंवा दोनच असाव्यात आणि संपूर्ण नाव आपल्या कुटुंबासाठी असावी, कारण इतर कुटुंबांबरोबर वाटून घेतलेल्या नावेत कोणते दार कोणी उघडे टाकले याचा हिशेब राहत नाही. काही नावांची पुढची बैठक काचेने बंद केलेली असते. देखावा थोडा कमी सुंदर दिसतो, पण आपल्यासाठी तीच नाव योग्य आहे. आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी नावेच्या मालकाकडून त्याच नावेचा, चालत चालत मोबाईलवर काढलेला व्हिडिओ मागवावा आणि त्यात कठडा, बैठकीतून आत जाणारे दार व स्वयंपाकघर हे तिन्ही दाखवण्यास सांगावे. जो मालक यासाठी टाळाटाळ करतो, त्याची नाव घेऊ नये.

स्वयंपाकघराचा उल्लेख मुद्दाम केला आहे. ते नावेच्या मागच्या भागात असते, तेथेच गॅसची शेगडी असते आणि इंजिनही बहुधा त्याच बाजूला असते. केरळमध्ये हाऊसबोटींना आग लागण्याच्या घटना घडलेल्या आहेत. त्यामुळे अग्निशामक नळकांडे कोठे आहे हे नावेवर चढताच पाहावे आणि त्या भागाकडे जाणारे दार मुलांसाठी बंद ठेवण्यास कर्मचाऱ्यांना सांगावे. ते याला मनावर घेत नाहीत असे नाही, पण सांगितल्याशिवाय करतीलच याची खात्री नसते.

आणखी एक गोष्ट. ‘सगळेच लक्ष ठेवत आहेत’ याचा अर्थ बहुधा कोणीच लक्ष ठेवत नाही असा होतो. मुलाची जबाबदारी एका वेळी एकाच मोठ्या माणसाकडे असावी, आणि ती दुसऱ्याकडे देताना ‘आता तुझ्याकडे’ असे तोंडाने म्हणावे. सासूबाईंकडे ही जबाबदारी देऊ नये. त्यांचे प्रेम कमी आहे म्हणून नव्हे, तर धावत्या मुलामागे हलत्या फळ्यांवर त्यांनी पळावे अशी अपेक्षाच चुकीची आहे.

पोहणारा

मी मुलांना पोहणे शिकवतो, म्हणून केवळ लाइफ जॅकेटविषयी आणि नावेच्या क्षमतेविषयी लिहितो. ‘नावेवर लाइफ जॅकेट आहेत’ या उत्तरावर समाधान मानू नये. आपल्या मुलाच्या वजनाचे जॅकेट आहे का, असे विचारावे. मोठ्या माणसाचे जॅकेट लहान मुलाला घातले तर पाण्यात पडताच ते डोक्यावरून वर सरकते आणि मूल खालून निसटते. लहान मुलाच्या जॅकेटला मानेमागे आधार देणारी कॉलर असावी आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा असावा. सर्व पट्टे आवळल्यावर खांद्यांपाशी धरून जॅकेट वर उचलून पाहावे. ते हनुवटीच्या किंवा कानांच्या वर गेले तर ते मोठे आहे. असे जॅकेट नावेवर मिळेलच असे नाही, म्हणून ते घरूनच न्यावे आणि त्याआधी चार-पाच दिवस मुलाला घरात थोडा थोडा वेळ घालून त्याची सवय करावी. सवय नसलेले मूल नावेवर रडून ते काढायला लावते, आणि शेवटी बहुतेक पालक हार मानतात.

मोकळ्या बैठकीत जॅकेट घालावे, परंतु बंद खोलीत झोपताना ते काढावे. बंद जागेत पाणी शिरले तर तरंगणारे जॅकेट माणसाला छताकडे ढकलते आणि दारातून खाली वाकून बाहेर पडणे अवघड होते.

केरळमधील मोठे अपघात पाहिले तर कारणे नवी नाहीत. २७ जुलै २००२ रोजी मुहम्माहून कुमरकोमला जाणारी प्रवासी नाव बुडून २९ जणांचा मृत्यू झाला. ३० सप्टेंबर २००९ रोजी तेक्कडी येथे ‘जलकन्यका’ ही पर्यटक नाव उलटून ४५ जण दगावले. ७ मे २०२३ रोजी तानूर येथे, मासेमारीच्या नावेत फेरफार करून बनवलेली पर्यटक नाव सूर्यास्तानंतर उलटली आणि २२ जणांचा जीव गेला. त्यांत मुलांची संख्या मोठी होती. क्षमतेपेक्षा अधिक माणसे आणि एका बाजूला झुकलेला भार या गोष्टी अशा घटनांच्या चर्चेत पुन्हा पुन्हा येतात. यांतील एकही नाव केट्टुवल्लम नव्हती, आणि शांत कालव्यातील हाऊसबोट त्यांच्यापेक्षा स्थिर असते, हेही सांगितले पाहिजे. तरीही नोंदणी क्रमांक नावेवर लिहिलेला आहे का हे पाहावे. केरळमधील अशा क्रमांकाची सुरुवात के.आय.व्ही. या अक्षरांनी होते. मंजूर प्रवासीसंख्या विचारावी आणि मांडीवरचे मूलही माणूस म्हणून मोजले आहे ना, याची खात्री करावी. मुलीला एक नियम आधीच सांगून ठेवावा: पक्षी दिसला तरी सर्वांनी एकाच कडेला धावायचे नाही.

रानजाई

थोडे आहाराविषयी. तेथे करीमीन हा मासा आवर्जून वाढतात. तो चविष्ट असतो, पण त्याचे काटे बारीक असतात, त्यामुळे लहानग्याला तो देऊ नये. आचाऱ्याला सकाळीच सांगितले तर तो मुलांसाठी तिखट न घालता वरण किंवा भाजी वेगळी काढतो. पिण्यासाठी केवळ बाटलीबंद पाणी वापरावे आणि मुलांना सरोवराच्या पाण्यात हात-पाय बुडवू देऊ नयेत. ते पाणी दिसते तितके स्वच्छ नाही.

डासांची तयारी हवी. खारे पाणी शेतीत शिरू नये म्हणून तण्णीरमुक्कम येथील बंधाऱ्याचे दरवाजे डिसेंबरच्या सुमारास बंद करतात. त्यानंतर दक्षिणेकडील पाण्याचा प्रवाह मंदावतो आणि जलपर्णी वाढते. संध्याकाळी नाव काठाला लागण्यापूर्वीच मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि घडीची मच्छरदाणी सोबत ठेवावी. डासांना पळवणारे मलम किंवा फवारा दीड वर्षाच्या मुलाला कोणता चालेल, हे आपल्या बालरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवावे. अनेक नावांवर वातानुकूलन रात्री नऊ ते सकाळी सहा इतकेच चालू असते, हेही बुकिंग करताना विचारून घ्यावे, कारण दुपारच्या झोपेच्या वेळी ते बंद असू शकते.

मुक्तवाट

सर्वांचे मनापासून आभार. सांजपाखरू यांनी सांगितल्याप्रमाणे तीन मालकांकडे व्हिडिओ मागितला. एकाने पाठवला, त्यात कठडा पुरेसा उंच आहे, पण बैठकीला दारच नाही. सासूबाईंचा कल आता दिवसाच्या फेरीकडे आहे. दुसरी अडचण अशी की मुलगा इंजिनाच्या आवाजाला घाबरतो. तो नावेवर कसा वागेल, हे आधी पाहण्याचा काही मार्ग आहे का?

खाडीकाठ

आहे. तुम्ही कोचीहून येणार असाल तर आधी तेथील वॉटर मेट्रोने एक छोटी फेरी करावी. ती सेवा एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाली. तिच्या नावा विजेवर चालतात आणि धक्के तरंगते असल्यामुळे नावेत चढताना मोठी पायरी लागत नाही, जे सासूबाईंनाही सोयीचे होईल. कोचीहून कुमरकोमकडे रस्त्याने जाताना वैकम लागते. तेथून तवणक्कडवूपर्यंत ‘आदित्य’ ही सौरऊर्जेवरील सरकारी प्रवासी नाव २०१७ पासून चालते. तिचा आवाज फारच कमी आहे आणि पैलतीर पंधरा-वीस मिनिटांत येतो. या दोन्ही ठिकाणी मुलगा शांत राहिला, तर अलप्पुळा धक्क्यावरून राज्य जलवाहतूक विभागाच्या डिझेल इंजिनाच्या साध्या नावेत बसून पाहावे. त्या नावांतून तेथील मुले शाळेत जातात, म्हणून तुमच्या मुलीलाही मजा वाटेल, मात्र सकाळी शाळा-कार्यालयांच्या वेळी गर्दी असते. डिझेलचा आवाजही त्याने सहन केला, तर दुसऱ्या दिवशीचा शिकारा ठरवावा, आणि चालकाला इंजिन संथ ठेवून कालव्यातूनच न्यायला सांगावे.

सांजपाखरू

हे योग्य आहे. दार नसलेली ती नाव मीही घेतली नसती. मुलगा चार-पाच वर्षांचा झाल्यावर मुक्कामाचा विचार पुन्हा करता येईल. यंदा शिकारा सकाळी सातच्या आसपास निघेल असे पाहावे, कारण नऊच्या सुमारास हाऊसबोटी मुक्कामाच्या प्रवाशांना उतरवण्यासाठी धक्क्याकडे परतत असल्यामुळे कालव्याच्या तोंडाशी दाटी होते आणि साडेनऊनंतर ऊनही चढते.