उसाचं पाचट (वाळका पाला) पेटलं की पोराला धाप लागते, दम्याचा अटॅक ओळखायचा कसा?

पलूसजवळ राहतो. शेजारच्या रानात पाचट पेटवलं की ८ वर्षांच्या पोराला दमा उठतो, काल रात्री छातीत शिट्टी वाजत होती, साधी धाप का अटॅक कसं कळायचं?

उत्तर १: दादा, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते का, सलग वाक्य बोलता येत नाही का बघा. तसं असलं तर आडवं करू नका, ताठ बसवा, निळा पंप (दम्याचा तातडीचा इनहेलर) स्पेसर (पंपाला जोडायची नळी) लावून ३०-६० सेकंदांनी एकेक पफ, जास्तीत जास्त १०, आणि १०८ ला फोन लावाच.

उत्तर २: शिट्टी थांबली आणि पोरगं मलूल पडलं, ओठ निळे दिसले तर बरं वाटतंय समजू नका, आमच्याकडं हीच चूक झालेली, अजून अंगावर काटा येतो.

प्रश्नकर्ता: स्पेसर नाही ओ. उद्याच मिरजेला दाखवून आणतो.