न भुंकलेला कुत्रा आणि कोरा रकाना

प्रश्न (कोथरूड)
१८९२ साली प्रसिद्ध झालेल्या 'सिल्व्हर ब्लेझ' या कथेत तबेल्यातला शर्यतीचा घोडा रात्रीतून नाहीसा होतो, पण राखणीचा कुत्रा भुंकत नाही. त्यावरून गुप्तहेर शेरलॉक होम्स ताडतो की आलेला माणूस कुत्र्याच्या ओळखीचा होता. कथा पुन्हा वाचल्यापासून नेते काय बोलतात यापेक्षा कशाविषयी बोलायचे टाळतात, याकडे माझे अधिक लक्ष जाते. राजकारण समजून घेण्याची ही रीत योग्य आहे, की अशाने आपण उगाच संशयी होतो?

प्रतिसाद १ (सदाशिव पेठ)
रीत योग्य आहे, मात्र कुत्रा एरवी भुंकतो हे आधी ठाऊक असावे लागते. मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेची मुदत संपून प्रशासक आले आणि मुख्य सभेतले नगरसेवकांचे प्रश्न थांबले; पण प्रश्न संपले नव्हते, विचारणारेच उरले नव्हते. त्या शांततेला संमती मानणे चूक ठरले असते.
उमेदवाराच्या मौनाचे तसे नाही. विधानसभेच्या वेळी मी आमच्या मतदारसंघातली शपथपत्रे छापून घेतली आणि हातात पेन्सिल धरून ओळीओळीने वाचली. मालमत्ता, कर्जे, प्रलंबित खटले यांपैकी कोणताही रकाना कोरा सोडता येत नाही, निदान 'निरंक' किंवा 'लागू नाही' असे लिहावेच लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे 'निरंक' हा एक शब्दही शपथेवर केलेले विधान असतो आणि तो खोटा निघाल्यास जाब विचारता येतो.

प्रतिसाद २ (औंध)
एडगर अॅलन पो यांची चोरलेल्या पत्राची १८४४ सालची कथाही येथे आठवते. पत्र पळवणारा त्यात चक्क मंत्री आहे. पोलीस खुर्च्यांचे पायसुद्धा तपासतात आणि पत्र मात्र समोरच, कागद अडकवण्याच्या फळीत असते. शपथपत्रेही निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर अशीच सर्वांसमोर असतात. आपण व्हॉट्सअॅपवर 'आतली बातमी' शोधत बसतो.

प्रतिसाद ३ (हडपसर)
माझी एक हरकत आहे. रहस्यकथेत गुन्हेगार कोण हे लेखकाने आधीच ठरवलेले असते. रखडलेल्या रस्त्यामागे भूसंपादन, निविदा, न्यायालयीन दावे अशी दहा कारणे असू शकतात आणि त्यांत खलनायक कोणीच नसतो.

प्रश्नकर्ता
हरकत पटली. रविवारी वाचनकट्ट्यावर कथेसोबत आमच्या आमदारांचे शपथपत्रही नेतो; आधी नुसते वाचू, तर्क नंतर.