एसी लावला की आयडलिंग पडतं: फॅन, गॅस की पंप?

जुना डिझेल पिकअप, डिझेलचा पंप मेकॅनिकल, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) नाही, एसीचा गॅस आर-१३४ए. गाडी खानापूर भागातली. आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिनचा वेग) ८०० आरपीएम, एसी लावला की ५५० वर येतं, इंजिन थरथरतं, कधी बंदच पडतं. रस्त्यावर त्रास नाही, फक्त चोर्ला घाटाच्या चढाला टेंपरेचरचा काटा वर सरकतो.

डिझेल फिल्टर नवा, हवा काढली, बेल्टचा ताण बरोबर. एसीच्या कॉम्प्रेसरचा क्लच सुटल्यावर तो हाताने मोकळा फिरतो. आयडल-अपच्या (एसी लावल्यावर आयडलिंग वाढवणाऱ्या) डायफ्रामला व्हॅक्यूम पोचतो, लिव्हरही हलतो. आयडल स्क्रू मुद्दाम वाढवलेला नाही, त्याने दुखणं नुसतं झाकलं जातं.

आयडलिंगला गेजवर एसीच्या गॅसचा दाब लो साइड ५५, हाय साइड २९० पीएसआय. धुतलेल्याच कंडेन्सरवर (गॅस थंड करणाऱ्या जाळीवर) पाणी मारलं की हाय साइड २२० वर उतरते, पण आरपीएम ७०० च्या पुढे सावरत नाही. फॅन व्हिस्कस कपलिंगचा, म्हणजे इंजिन तापलं की आतल्या तेलाने पकड घेणारा. तापलेलं इंजिन बंद केलं तरी पातं सैल फिरत राहतं.

पंप कॅलिब्रेशनला बेळगावला द्यायचा तर गोव्याच्या भाजीच्या फेऱ्या थांबतात, म्हणून तो शेवटी. आधी कपलिंग बदलावं, की गॅस काढून वजनावर मोजून भरावा? आणि उरलेले १०० आरपीएम पंपाचा गव्हर्नर (लोड आला की डिझेल वाढवून वेग सांभाळणारा भाग) कमजोर असल्यामुळे जातात का, हे पंप न उतरवता कसं तपासायचं?