मदत हवी आहे: अझोटोबॅक्टरने धरलेला नत्र झाडाला मिळतो कधी?

नमस्कार मंडळी,

कडधान्यांचं गणित मला कळतं. रायझोबियम हा जिवाणू मुळात शिरतो, गाठ तयार होते, झाड त्याला साखर पुरवतं आणि तो हवेतला नत्र अमोनियाच्या रूपात झाडाला देतो. चालू गाठ कापली की आत गुलाबी दिसते, तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे ऑक्सिजन धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचा. नत्र धरणारं विकर (एन्झाइम) ऑक्सिजनपुढे टिकत नाही, म्हणून ही सोय. इथवर ठीक.

अडतंय ते अझोटोबॅक्टरपाशी. तोही नत्र धरणारा जिवाणू, पण गाठ करत नाही, मातीत मोकळा राहतो. नत्राचा एक रेणू फोडायला किमान 16 एटीपी (पेशीतलं ऊर्जेचं चलन) खर्ची पडतात. एवढ्या कष्टाने मिळवलेलं तो बाहेर का सोडेल? स्वतःची प्रथिनं बनवेल की! म्हणजे तो मेल्यावरच झाडाला काही मिळत असणार. तसं असेल, तर बीजप्रक्रियेत लावलेलं जिवाणू खत त्याच पिकाच्या कितपत कामाला येतं?

दुसरी शंका पीएसबीची, म्हणजे स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंची. मातीत एकूण स्फुरद भरपूर, पण उपलब्ध स्फुरद कमी, ही अडचण माहीत आहे. जिवाणू सेंद्रिय आम्लं सोडून तो विरघळवतात म्हणे. पण चुनखडीच्या जमिनीत ते आम्ल चुन्यातच जिरून जाणार नाही का?

'वापरून बघा, फरक दिसेल' असं उत्तर कृपया नको. आतून काय घडतं ते हवंय.

प्रतिसाद:
तुमचा तर्क बराचसा बरोबर आहे, फक्त त्यात एक गडी सुटलाय. जिवाणू नुसते मरत नाहीत, मोठ्या संख्येने खाल्ले जातात. आदिजीव (प्रोटोझोआ, म्हणजे एकपेशीय जीव) आणि सूत्रकृमी (बारीक धाग्यासारखे किडे) त्यांच्यावर चरतात. जिवाणूच्या शरीरात कर्बाच्या मानाने नत्र जास्त असतो. खाणाऱ्याला तेवढा लागत नाही, म्हणून उरलेला तो अमोनियमच्या रूपात बाहेर टाकतो. ते अमोनियम मुळं उचलतात, किंवा आधी दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. मुळांतून पाझरणाऱ्या साखरेवर जिवाणूंची गर्दी होते, त्यामुळे ही खादाडी मुळांलगतच जास्त चालते. (सूत्रकृमी दिसला की औषध मारणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. सगळे मुळं खाणारे नसतात.)

तरीही गाठींच्या तुलनेत हा नत्र फार थोडा. मोकळ्या जिवाणूची खरी अडचण कर्ब. सेंद्रिय पदार्थ नसलेल्या जमिनीत तो ऊर्जा आणणार कुठून? अझोटोबॅक्टरमुळे दिसणाऱ्या वाढीत ऑक्झिनसारख्या संप्रेरकांचाही वाटा असतो, तो बरेचदा नत्राच्या नावावर जमा होतो.

पीएसबीबद्दलची शंका रास्त आहे. प्रयोगशाळेतल्या बशीत जिवाणूंच्या वसाहतीभोवती स्फुरद विरघळून छान स्वच्छ वलय दिसतं, पण चुनखडीत आम्ल लवकर उदासीन होतं आणि शेतात निकाल डळमळतात. मुळाला चिकटून असलेल्या पातळ थरात मात्र थोडं काम होऊ शकतं, कारण सायट्रेट, ऑक्झलेट नुसता सामू (पीएच) उतरवत नाहीत, कॅल्शियमलाही धरून ठेवतात. शिवाय काही जिवाणू फॉस्फटेज विकर सोडून सेंद्रिय पदार्थातला स्फुरद मोकळा करतात. तिथे आम्लाचा संबंधच नाही.

धागाकर्ता:
आदिजीव डोक्यातच आले नव्हते, आभार! मग पेरणीलाच नत्रखताचा मोठा हप्ता दिला तर अझोटोबॅक्टर काम थांबवेल ना?

प्रतिसाद:
नत्र धरायचं थांबवेल, हो. आयतं अमोनियम मिळत असताना 16 एटीपी कोण जाळेल? जास्त नायट्रेट असेल तर कडधान्यांच्या मुळांवरही गाठी कमी येतात, आणि तो निर्णय जिवाणूपेक्षा झाडाचाच जास्त.