सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या बाइकचा अपघात, स्टाफ बसच्या नोकरीचं काय?

सातपूरकर७
मेहुणा अंबड एमआयडीसीत एका कंत्राटदाराकडे स्टाफ बस चालवतो. हेवी लायसन्स, पीएसव्ही बॅज (प्रवासी वाहन चालवायचा बिल्ला) आहे. रविवारी ड्युटी नसताना गंगापूर रोडला त्याच्या बाइकची एका पादचाऱ्याला धडक बसली. समोरच्याचा पाय मोडला, याच्या उजव्या मनगटाला फ्रॅक्चर. गुन्हा दाखल झालाय, भारतीय न्याय संहिता कलम २८१ (बेदरकार ड्रायव्हिंग) आणि १२५(ब) (निष्काळजीपणाने गंभीर दुखापत). लायसन्स पोलिसांकडे आहे. बाइकचा विमा चालू, दारूचा विषय नाही. कंत्राटदाराला अजून सांगितलेलं नाही.
हेवी लायसन्स जाईल का? कामावरून काढू शकतात का? घरी बसलेल्या दिवसांच्या पगाराचं काय? एक जण म्हणतो, कोर्टात "गुन्हा कबूल" म्हणायचं, दंड भरायचा, विषय संपला. खरंय का?

परवानावाला
लायसन्सचं सांगतो. बाइकचं वेगळं आणि बसचं वेगळं असं नसतं. कार्ड एकच, त्यावर वाहनांचे वर्ग वेगवेगळे. सरसकट निलंबित झालं की बाइकबरोबर बसही बंद, आणि बॅज लायसन्सच्याच जिवावर चालतो.
पण निलंबन आपोआप होत नाही. पोलिस आरटीओकडे प्रस्ताव पाठवतात, पेठ रोडच्या ऑफिसातून मोटार वाहन कायद्याच्या कलम १९ खाली नोटीस निघते, म्हणणं मांडायची संधी मिळते आणि मग आदेश होतो. इथेच बहुतेकांचं चुकतं. नोटीस जाते लायसन्सवरच्या पत्त्यावर, माणूस राहतो दुसरीकडे, आणि एकतर्फी आदेश झाल्यावर पळापळ सुरू होते. जुना पत्ता असेल तर तिथे आजच सांगून ठेवा.
उत्तर लेखीच द्या. आतापर्यंतचा स्वच्छ रेकॉर्ड, ई-चलन भरल्याच्या पावत्या, पोटापाण्याचा धंदा ड्रायव्हिंगचा असल्याचं मालकाचं पत्र, आणि जखमीला दवाखान्यात नेलं असेल तर त्याचा पुरावा, एवढं जोडा. कलम १९ मध्ये "सर्व किंवा काही वर्गांच्या वाहनांसाठी" अपात्र ठरवण्याची मुभा आहे. म्हणून निलंबन करायचंच झालं तर ते मोटारसायकलच्या वर्गापुरतं ठेवावं, अशी पर्यायी विनंती स्पष्ट शब्दांत लिहा. मान्य होईलच असं नाही, पण न मागता तर कोणी देत नाही. आदेश विरोधात गेला तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं.
निलंबनाच्या काळात बस हातात घेतली तर कलम १८२: ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. "फक्त डेपोतून गेटपर्यंत आणली" हे ऐकून घेत नाहीत.
लायसन्स घेताना पोलिसांनी पोचपावती दिली का? दिली असेल तर तिच्यावरची मुदत आधी बघा.

कोर्टकॉरिडॉर
"कबूल करा आणि मोकळे व्हा" हा सल्ला रिक्षा स्टँडवरचा आहे. ड्रायव्हरसाठी तर फारच महागडा.
कबुली देऊन दंड भरला म्हणजे दोषसिद्धी झाली. २८१ ला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, १२५(ब) ला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. दोन्ही कलमं जामीनपात्र, त्यामुळे घाबरून कबुली द्यायचं कारणच नाही. ही दोषसिद्धी पुढे चारित्र्य पडताळणीत दिसते, म्हणजे बॅजच्या वेळी आणि नवी नोकरी धरताना. मोटार वाहन कायद्याच्या कलम २० खाली कोर्ट स्वतःही लायसन्स अपात्र ठरवू शकतं. शिवाय जखमी माणूस मोटार अपघात न्यायाधिकरणात भरपाई मागेल, तेव्हा त्याचा वकील कबुलीचा कागद सगळ्यात वर लावतो.
तडजोडीचा मार्ग आहे, पण अर्धाच. १२५(ब) कोर्टाच्या परवानगीने जखमीशी आपसात मिटवता येतं. २८१ मिटवता येत नाही, ते शिल्लक राहतं. संपूर्ण गुन्हा रद्द करायचा तर उच्च न्यायालयात जावं लागतं.
लगेच करायचं काम वेगळंच आहे. अपघाताच्या जागेजवळच्या दुकानांच्या सीसीटीव्हीवर जुनं रेकॉर्डिंग काही दिवसांत पुसलं जातं. फुटेज ताब्यात घ्यावं असा लेखी अर्ज तपास अधिकाऱ्याला द्या आणि प्रतीवर आवक शिक्का घ्या. घटनास्थळ पंचनाम्याची प्रत मिळाली की पादचारी नेमका कुठून आला, झेब्रा क्रॉसिंग किती लांब, ब्रेकच्या खुणा आहेत का, हे ताडून बघा.
नोकरीचं म्हणाल तर निष्काळजीपणाचा गुन्हा सहसा नैतिक अधःपतनाचा (चारित्र्याला डाग लावणारा) धरत नाहीत, आणि ड्युटीबाहेर कंपनीच्या आवाराबाहेर घडलेली गोष्ट आपोआप गैरवर्तन होत नाही. कागदावर हे ठीक. प्रत्यक्षात कंत्राटदार "उद्यापासून येऊ नको" एवढंच म्हणतो. वर्षात २४० दिवस भरले असतील तर असं तोंडी काढणं टिकत नाही. हजेरीचे फोटो, पगाराच्या बँक नोंदी, ड्युटी चार्ट जपून ठेवा.

क्लेमची_फाइल
सातपूरकर, मेहुण्याच्या लायसन्सवर "मोटारसायकल विथ गिअर" हा वर्ग आहे ना? हसू नका, हेवी ड्रायव्हरांत हा घोळ बऱ्यापैकी सापडतो. बस चालवण्याचा अधिकार म्हणजे बाइक चालवण्याचा अधिकार नाही. तो वर्ग नसेल तर विमा कंपनी जखमीला आधी पैसे देईल आणि नंतर मेहुण्याकडून वसूल करेल.
बाइकच्या विमा कंपनीला लगेच लेखी कळवा. तिच्या संमतीशिवाय जखमीच्या घरच्यांना "एवढे देतो, मिटवा" असं लिहून देऊ नका, ते पॉलिसीच्या अटींविरुद्ध आहे. मालक-चालकाचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कवच मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी असतं, मनगटाच्या फ्रॅक्चरला त्यातून काही मिळत नाही.
कंत्राटदाराची धास्ती वेगळी असते. निलंबित लायसन्सवाल्याकडे बस दिली आणि काही झालं, तर भरपाई त्याच्या खिशातून वसूल होऊ शकते. म्हणून त्याला लपवू नका. लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकली की परिवहनच्या सारथी पोर्टलवर स्थिती त्याला तशीही दिसते. छोटं पत्र पुरे: तारीख, ठिकाण, कलमं, लायसन्सची आजची स्थिती, डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती. चूक कोणाची यावर एक शब्दही नको.

ईएसआय_खिडकी
पगार २१,००० पर्यंत असेल आणि पगाराच्या पावतीवर ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कपात दिसत असेल तर आजारपणाचा लाभ मिळतो: सरासरी रोजाच्या ७०%, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. योगदान कालावधीत ७८ दिवसांची वर्गणी हवी. ड्युटीबाहेरचा अपघात असला तरी चालतं, फक्त ती "कामावरची दुखापत" धरत नाहीत. ड्युटीवर जाता-येता झाला असता तर हिशोब वेगळा होता. प्रमाणपत्र ईएसआयच्या डॉक्टरचंच लागतं, म्हणून खासगी दवाखान्यात प्लास्टर घातलं असलं तरी कागद घेऊन सातपूरच्या ईएसआय रुग्णालयात नोंद करून घ्या.

लालपरी_स्टेअरिंग
एसटीतल्या कोणी हा धागा वाचत असेल तर: अपघात सुट्टीतला असला आणि कायमचं अपंगत्व आलं, तरी दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम २०(४) प्रमाणे सरकारी आस्थापनेला सेवेतून काढता येत नाही. त्याच पगाराचं दुसरं काम द्यावं लागतं. "ड्रायव्हर म्हणून अनफिट, सबब राजीनामा द्या" अशा कागदावर सही करू नका. खासगी कंत्राटदाराला हे कलम लागू नाही.

सातपूरकर७
सर्वांचे आभार. बाइकचा वर्ग आहे, तपासला. पोचपावती घेतली नव्हती, उद्या पोलिस स्टेशनला जातो. कंत्राटदाराला फोन केला. तो म्हणतो, हात बरा झाला की स्टाफ बसऐवजी शाळेच्या बसवर टाकतो, तिथे फेऱ्या कमी. बरं पडेल ना?

परवानावाला
उलट अडचण होईल. सुप्रीम कोर्टाच्या १९९७ च्या दिल्लीतल्या आदेशात धोकादायक ड्रायव्हिंगचं एकदा जरी चलन झालं असेल तर असा चालक शाळेच्या बसवर ठेवू नये असं म्हटलंय, आणि शाळा करारात हाच निकष घालू शकतात. २८१ चा गुन्हा प्रलंबित असताना शालेय परिवहन समितीसमोर नाव गेलं की पहिली हरकत तिथे. स्टाफ बसच मागून घ्या.
आणि "हात बरा झाला" हे कोण ठरवणार? प्लास्टर निघालं म्हणजे बसचं स्टेअरिंग पेलतं असं नाही. उजव्या हाताची पकड, मनगट पूर्ण वळणं, द्वारकेच्या गर्दीत अर्धा तास सतत स्टेअरिंग फिरवून वेदना नसणं, हे ऑर्थोपेडिककडून लेखी घ्या. वरून फॉर्म १-अ चं वैद्यकीय प्रमाणपत्र. त्या दोन कागदांच्या आधी कंत्राटदाराने चावी दिली तरी घेऊ नका.