मदत हवी आहे: रुळांवरून रस्ता नेला, तर भरपाई एकच डॉलर कशी?

नमस्कार,

अमेरिकेतील भूसंपादन कायद्याचे वाचन करताना ‘शिकागो, बर्लिंग्टन अँड क्विन्सी रेलरोड विरुद्ध शिकागो शहर’ या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १८९७ च्या निकालापाशी मी अडकलो आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

शहराला रॉकवेल स्ट्रीट रुळांपलीकडे न्यायचा होता. त्याच रस्त्यात जमिनी गेलेल्या खासगी मालकांना ज्यूरीने हजारो डॉलर मंजूर केले; रेल्वे कंपनीच्या पदरात मात्र एक डॉलर पडला. सार्वजनिक कामासाठी खासगी मालमत्ता घेऊन योग्य भरपाई न देणे हा चौदाव्या घटनादुरुस्तीचा भंग आहे, आणि हे बंधन राज्यांवरही आहे, असे न्या. हार्लन यांनी ठामपणे सांगितले आणि तरीही तो एक डॉलर कायम ठेवला. तत्त्व मान्य असूनही न्या. ब्रूअर यांनी या नाममात्र रकमेला विरोध नोंदवला. मला तरी त्यांचेच म्हणणे पटते.

रस्ता झाला तरी गाड्या धावणारच, म्हणून कंपनीचे नुकसान नगण्य, इथपर्यंत समजते. पण फाटक उभारणे, रुळांमध्ये फळ्या बसवणे आणि फाटकावर माणूस नेमणे हा खर्च केवळ रस्त्यामुळे अंगावर पडत असताना तो भरपाईत का धरला नाही? शिवाय, मोजके रूळ नसून तेथे मोठे यार्ड असते तर?

प्रतिसाद:

जमीन घेणे आणि सुरक्षिततेची सक्ती करणे या दोन बाबी न्यायालयाने वेगळ्या मानल्या आहेत. लोकांच्या जिवाच्या रक्षणासाठी नियम करण्याचा शासनाचा अधिकार गृहीत धरूनच कंपनीला सनद मिळालेली असते, त्यामुळे फाटकाचा खर्च तिचाच. एका डॉलरचे म्हणाल, तर ज्यूरीने ठरवलेले तथ्य सातव्या घटनादुरुस्तीमुळे पुन्हा तपासता येत नव्हते.

यार्डाचे उत्तर वेगळे येईल. नवा रस्ता जमिनीच्या आधीपासूनच्या सार्वजनिक वापराला (इथे रेल्वेच्या) मारक ठरत असेल, तर शहराचा भूसंपादनाचा सर्वसाधारण अधिकार पुरत नाही, विधिमंडळाची स्पष्ट परवानगी लागते.

आपली शंका ज्या दिशेने जाते, त्यासाठी १९३५ चा ‘नॅशव्हिल, चॅटनूगा अँड सेंट लुईस रेल्वे विरुद्ध वॉल्टर्स’ अवश्य वाचा. टेनेसी राज्यात रुळांखालून नेलेल्या भुयारी मार्गाचा निम्मा खर्च रेल्वेवर लादला होता. तो रस्ता प्रामुख्याने रेल्वेशीच स्पर्धा करणाऱ्या मोटारींच्या सोयीचा असल्याने बदललेली परिस्थिती विचारात घ्यावी लागेल, असे सांगून न्या. ब्रँडाइस यांनी प्रकरण परत पाठवले.