सगळे तुकडे एकाच बाटलीत का टाकता?

सूक्ष्मदर्शी: मी पॅथॉलॉजिस्ट, आतड्याचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासते. कोलोनोस्कोपीत (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) चार-पाच जागांचे तुकडे घेतात, फॉर्मलिनच्या (तुकडे टिकवणाऱ्या द्रावाच्या) एकाच बाटलीत टाकतात आणि वर लिहितात 'कोलन बायोप्सी', म्हणजे नुसतं 'मोठ्या आतड्याचा तुकडा'. हे बंद झालंच पाहिजे. नळी एक असली तरी प्रतिकारपेशींचा पहारा जागोजागी वेगळा. लहान आतड्याच्या अस्तरात दर 100 पेशींमागे 20 लिम्फोसाइट (एक प्रकारच्या प्रतिकारपेशी) दिसले तर ते नॉर्मल धरून मी पुढची स्लाइड उचलते. तेवढेच मोठ्या आतड्यात दिसले तर लिम्फोसायटिक कोलायटिसचा (मोठ्या आतड्याच्या एका दाहाचा) विचार करावा लागतो. मोठ्या आतड्यातही पॅनेथ पेशी (जंतुनाशक द्रव्य सोडणाऱ्या) उजवीकडे असतातच, डावीकडे दिसल्या की ती जुन्या दाहाची खूण. बाटली एकच असेल तर रिपोर्टात लिहू काय?

तालुक्याचा_सर्जन: असहमत. आमच्याकडची लॅब बाटलीगणिक बिल लावते आणि ते पेशंटच्याच खिशातून जातं. अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला व्रण पाडणारा दाह) गुदाशयापासून सलग वर चढतो, स्कोपमध्ये डोळ्यांनी दिसतो. तुकडा कुठलाही असो, औषध शेवटी तेच.

सूक्ष्मदर्शी: 'औषध तेच' हे अजिबात पटलं नाही, डॉक्टर. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पेयर्स पॅच, म्हणजे प्रतिकारपेशींचे पुंजके, सर्वांत दाट. टायफॉइडमध्ये आतडं फुटतं ते बहुधा तिथेच. टीबी आणि क्रोन्स (आतड्याचा दीर्घकाळ चालणारा दाह) दोघांचीही आवडती जागा तीच. क्रोन्स समजून टीबीच्या पेशंटला स्टेरॉइड दिलं तर टीबी बळावतो.

पीएचडी_चालू: ताईंशी सहमत. 2020 मध्ये 'नेचर इम्युनॉलॉजी' या शोधपत्रिकेत निरोगी कोलनचा अभ्यास आला होता. सीकमकडून (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीकडून) सिग्मॉइडकडे (गुदाशयाआधीच्या भागाकडे) जावं तशा बी-पेशी (अँटिबॉडी बनवणाऱ्या प्रतिकारपेशी) वाढत जातात. म्हणजे नॉर्मल काय, हेच जागेवर ठरतं.

तालुक्याचा_सर्जन: तो अभ्यास एकेका पेशीच्या आरएनएवर (पेशीतली कोणती जनुकं चालू आहेत ते सांगणाऱ्या रेणूंवर). रोजच्या स्लाइडवर त्यातलं किती दिसणार? इलियमचा (लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा) तुकडा वेगळा हवा, हे मान्य. कोलनचे तुकडे मात्र सीकमपासून क्रमाने पट्टीवर लावून एकाच बाटलीत देईन. ब्लॉक (ज्यातून स्लाइड कापतात तो मेणाचा ठोकळा) एक, बिल एक.

पेशंटच्या_घरचे: वडिलांचा रिपोर्ट 'निदान निश्चित नाही' असा आला, पुन्हा स्कोप करावा लागला. त्यापेक्षा चार बाटल्यांचे पैसे आनंदाने दिले असते.

सूक्ष्मदर्शी: पट्टी चालेल, पण सीकमच्या टोकाला खाच पाडा. एक तुकडा सुटला की पुढचा सगळा क्रम चुकतो. आणि गुदाशयाचा तुकडा मी वेगळाच मागणार. एनिमाचं औषध चालू असेल तर तिथला दाह ओसरलेला असतो आणि वरचा भाग अजून पेटलेला.